वेतनमर्यादा आणि दवाखाना : आपल्या परिसरातील कामगार विम्याची हकीकत

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात कुलदैवते, मूळ गावे, थोर ज्ञातिबांधवांची चरित्रे यांवर लेख येत असतात आणि ते आवडीने वाचले जातात. यंदा आम्ही जो विषय हाती घेतला आहे तो त्या मानाने रुक्ष आहे. डॉक्टरकडे अल्प खर्चात जाण्याची सोय कोणास मिळावी, किती मिळकतीपर्यंत मिळावी, आणि ही मर्यादा कोणी व कशी ठरविली, हा तो विषय होय. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गावांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी असे घर विरळाच, की ज्याच्या कपाटात विमा योजनेचे जुने कार्ड, पिवळी वा केशरी शिधापत्रिका, किंवा तहसील कचेरीतून मिळविलेला उत्पन्नाचा दाखला यांपैकी एखादा कागद नाही. या कागदांचाही इतिहास आहे, आणि तो आपल्या घरातीलच इतिहास आहे.

प्रथम गावांविषयी थोडेसे. अंबरनाथ म्हटले की इ. स. १०६० चे शिलाहारकालीन शिवालय आठवते. परंतु आजचे अंबरनाथ वसले ते कारखान्यांमुळे. १९१९ साली धरमसी मोरारजी केमिकल कंपनी स्थापन होऊन तिचा कारखाना येथे उभा राहिला. त्यानंतर काही वर्षांतच आगपेट्यांचा विमको कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले. उल्हासनगर त्या काळी नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावण्यांची ती ओसाड जागा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे ठेवण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही कोणी पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतो. १९५६ मध्ये शहाडला सेंच्युरी रेयॉन सुरू झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याच्या वसाहती अंबरनाथ व बदलापूर येथे उभ्या राहिल्या. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तसतशी गिरणीतली, गोदीतली, छापखान्यातली माणसे लोकलगाडीच्या दोऱ्याला धरून बदलापूरपर्यंत येऊन पोहोचली. त्यांत आपली पुष्कळ कुटुंबे होती.

या वस्त्यांतून विमा योजना येण्यापूर्वी आजारी माणसाची व्यवस्था कशी होत असे, ते जुन्या माणसांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. गावात एखाद-दुसरा डॉक्टर, त्याचा एक कंपाउंडर, आणि घरून नेलेल्या बाटलीत लाल किंवा गुलाबी मिक्स्चर. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटविलेली असे. एका खाचेपर्यंत एक डोस. फी किती, याची पाटी कोठेही नसे. डॉक्टर रोग्याकडे, त्याच्या पायातील वहाणेकडे, बरोबर आलेल्या बाईच्या गळ्याकडे पाहत आणि मनाशी आकडा ठरवीत. कोणाकडून पूर्ण, कोणाकडून निम्मे, कोणाला ‘पगार झाला की दे’, तर कोणाला काहीच नाही. उत्पन्नाची मर्यादा तेव्हाही होती. ती केवळ डॉक्टरांच्या नजरेत होती. डॉक्टर भला असे तेथे ही पद्धत उत्तम चाले. तसा नसे तेथे गरिबाला दाद मागण्यास जागा नसे, कारण नियमच नव्हता तर तो मोडला असे कोणी म्हणावे?

नियम करावा, तो लेखी असावा आणि त्यात मिळकतीचा आकडा घालावा, ही कल्पना युरोपातून आली. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या राजवटीत कामगारांचा आजारविमा सुरू झाला. इंग्लंडात लॉईड जॉर्ज यांनी १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. त्यात अंगमेहनतीच्या कामगारांना मिळकतीची अट नव्हती. परंतु कारकुनी वगैरे काम करणाऱ्यांना वर्षाला १६० पौंडांची मर्यादा घातली होती. वाचकांस मौज वाटेल ती अशी, की मर्यादा हवी म्हणून सर्वांत जास्त आग्रह डॉक्टरांच्या संघटनेचा होता. आठवड्यास दोन पौंडांहून जास्त मिळविणाऱ्यास या सवलतीत घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते, कारण असा मनुष्य पदरची फी देऊ शकतो आणि तो सवलतीत गेला तर डॉक्टरांची खासगी मिळकत बुडते. म्हणजे ही रेघ गरिबाच्या संरक्षणासाठी जेवढी आखली गेली, तेवढीच फी देणारा रोगी हातून जाऊ नये म्हणूनही आखली गेली. पुढे १६० चे २५० पौंड झाले, १९४२ मध्ये ४२० झाले. आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होताच तेथे ही रेघच पुसली गेली. त्या इंग्रजी योजनेत भाग घेणाऱ्या डॉक्टरांच्या यादीला ‘पॅनेल’ म्हणत. आपल्याकडे मुंबई-ठाण्यातील कामगार ‘पॅनेल डॉक्टर’ म्हणतो तो शब्द तेथून आला आहे.

आयर्लंडातील रीत याहून जुनी होती. १८५१ च्या कायद्याने तेथे गरिबांसाठी दवाखाने निघाले. मात्र डॉक्टरांची भेट मिळण्याकरिता गावच्या प्रतिष्ठित अधिकाऱ्याकडून तिकीट आणावे लागे. डॉक्टरांना घरी बोलवायचे तर तांबडे तिकीट. ही पद्धत १९७२ पर्यंत चालली. तिकीट देणारा गृहस्थ खुशीत आहे की रागात, यावर रोग्याचे नशीब अवलंबून राहत असणार. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ज्यांनी कचेरीत दोन-दोन दिवस घालविले आहेत त्यांना या तिकिटाची गोष्ट परकी वाटणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने औद्योगिक कामगारांच्या आजारविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. अडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल सादर केला. त्यांची योजना कापड, अभियांत्रिकी आणि खनिज व धातू या उद्योगांपुरती होती. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे तज्ज्ञ स्टॅक व राव यांनी ती तपासून तिचा पसारा वाढवावा असे सुचविले, आणि शेवटी १९ एप्रिल १९४८ रोजी राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. इंग्लंडात रेघ पुसण्यास अडीच महिने उरले असता आपण ती कायद्यात आखीत होतो. यात आम्ही दोष काढीत नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला सर्वांना एकदम सामावून घेणे शक्य नव्हते, आणि कोठून तरी आरंभ करावयाचा तर कारखान्यातील कामगारापासून करणे हेच शहाणपणाचे होते.

ही मर्यादा दरमहा ४०० रुपये ठरली. त्या काळी कारखान्यात ४०० रुपये मिळविणारा म्हणजे मोठा फोरमन अथवा अधिकारी. साधा कामगार त्या आकड्याच्या पुष्कळच खाली होता. म्हणून मर्यादा असूनही ती कोणाला जाणवत नव्हती. ज्याची रोजची सरासरी मजुरी एक रुपयाहूनही कमी, त्याच्याकडून वर्गणी घ्यावयाची नाही, फक्त मालकाने भरावयाची, अशीही तरतूद होती. तिची खालची मर्यादा पुढे वाढत गेली, परंतु तत्त्व कायम राहिले. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूर येथे योजनेचे उद्घाटन झाले. दिल्ली व कानपूर मिळून सुमारे १ लाख २० हजार कामगार तिच्यात आले. १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबई येथे आली. आरंभी उपचार फक्त कामगारास मिळत; बायकामुलांना ते १९५८ पासून क्रमाक्रमाने मिळू लागले. कल्याणच्या पुढचे औद्योगिक गाव वाढले तशी योजना इकडेही पसरली, आणि उल्हासनगरात विमा योजनेचे रुग्णालय झाले. आपल्या भागात ते ‘ईएसआयचा दवाखाना’ या नावाने ओळखले जाते.

दवाखान्यापुढील रांगेत सकाळी आठापासून उभे राहणे, कार्डावर नाव घालून घेणे, चिठ्ठी घेणे, औषधाच्या खिडकीशी पुन्हा रांग, हे सारे पुष्कळ वाचकांनी केलेले असेल. औषधांविषयी कुरकूर त्या काळीही होती. कामगाराला तेथे औषधापेक्षा दाखल्याची ओढ जास्त असे, असे विनोदाने म्हणत. कारण डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणातील खाड्याचा काही पगार मिळत असे. आज तो वेतनाच्या ७० टक्के या दराने वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. पण विनोद सोडला तर, ज्या घरात रोज मिळवावे आणि रोज खावे अशी स्थिती, त्या घराला ‘तीन दिवस निजून रहा’ हा डॉक्टरांचा सल्ला पाळता येऊ लागला तो या दाखल्यामुळेच. यापूर्वी सल्ला फुकट मिळाला तरी तो पाळणे परवडत नसे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ४०० ची मर्यादा १९६६ च्या दुरुस्तीने ५०० झाली. १९७५ मध्ये ती १,००० झाली, १९८५ मध्ये १,६००. १९९२ मध्ये ३,००० आणि १९९७ मध्ये ६,५००. पुढे २००४ मध्ये ७,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये. अपंग कामगारांकरिता ती २५,००० आहे. त्यानंतर आठ वर्षे तरी तो आकडा जागचा हलला नाही. आम्ही शाळेत गणित शिकवीत होतो, म्हणून सवयीने या आकड्यांमधील अंतरे मोजून पाहिली. पहिल्या वाढीस १८ वर्षे लागली, दुसरीस ९, तिसरीस १०, चौथीस ७. इतका विलंब का व्हावा? याचे एक कारण सरळ आहे. १९८९ पर्यंत हा आकडा कायद्याच्या मजकुरातच लिहिलेला होता. तो बदलावयाचा तर संसदेत दुरुस्तीचे विधेयक आणून ते संमत करून घ्यावे लागे. १९८९ च्या दुरुस्तीने आकडा नियमांद्वारे ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्यामुळे १९९२ नंतर वाढ लवकर होऊ लागली, निदान काही काळ.

कारखान्यातील पगार मात्र संसदेची वाट पाहत थांबला नव्हता. पगाराचे दोन भाग असतात. एक मूळ वेतन आणि दुसरा महागाई भत्ता. मोठ्या कारखान्यांत महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला असतो. ज्वारी महागली, गोडेतेल महागले, घासलेट महागले की निर्देशांक चढतो आणि त्याबरोबर भत्ता चढतो. हा भत्ता म्हणजे कामगाराची भरभराट नव्हे. काल जेवढे धान्य येत होते तेवढेच आज यावे एवढ्यासाठी तो दिला जातो. परंतु विम्याच्या मर्यादेत मूळ वेतनाबरोबर हा भत्ताही मोजला जातो. महागाई वाढली म्हणून भत्ता वाढला, भत्ता वाढला म्हणून कामगार मर्यादेच्या वर गेला, आणि वर गेला म्हणून त्याचा दवाखाना बंद झाला. ज्या वर्षी त्याला डॉक्टर सर्वांत महाग, नेमके त्याच वर्षी कायदा त्याला म्हणे, ‘आता तू सुखवस्तू झालास’. आमच्या मते या साऱ्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट असेल तर ती हीच.

आम्ही नोकरीत असताना एका विद्यार्थ्याचे वडील एके दिवशी मधल्या सुट्टीत भेटावयास आले. हातात पगारपत्रक होते. भत्त्यात काही रुपये वाढ होऊन एकूण पगार मर्यादेच्या थोडासा पुढे गेला होता. घरी पत्नीला दम्याचा विकार. तिचे औषध दरमहा विमा दवाखान्यातून येई. ‘गुरुजी, हे चाळीस-पन्नास रुपये नको म्हणून अर्ज करता येतो का?’ असे त्यांनी विचारले. पगारवाढ नको म्हणणारा मनुष्य आम्ही प्रथमच पाहत होतो. अर्ज अर्थातच करता येत नव्हता. त्यांना एवढे समजले, की चालू सहामाही संपेपर्यंत दवाखाना बंद होणार नाही. त्या अवधीत त्यांनी पत्नीच्या शक्य तेवढ्या तपासण्या करून घेतल्या.

सहामाहीचा हा नियम वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा, कारण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. वर्गणीचे वर्ष दोन भागांत मोडते : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. सहामाहीच्या मध्येच पगार मर्यादेपुढे गेला तरी ती सहामाही संपेपर्यंत कामगार योजनेतच राहतो आणि वर्गणीही भरत राहतो. आणि त्या सहामाहीच्या वर्गणीवर पुढील लाभकालात हक्क उभा राहतो. दुसरे असे, की जादा कामाचा म्हणजे ओव्हरटाइमचा पैसा मर्यादा पाहताना मोजावयाचा नसतो. दिवाळीपूर्वी चार रात्री जादा काम केले म्हणून कोणाचा विमा जात नाही. कारखान्याचा हिशेबनीस वेगळे सांगू लागला तर हे त्याच्या निदर्शनास आणावे.

मर्यादेच्या अलीकडे व पलीकडे काय फरक आहे, तो मांडून पाहिल्याखेरीज कळत नाही. १ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या पाऊण टक्का व मालकाची सव्वातीन टक्के आहे. २१,००० रुपये पगाराचा कामगार दरमहा १५७ रुपये ५० पैसे भरतो, मालक ६८२ रुपये ५० पैसे. आणि त्या बदल्यात कामगाराला, पत्नीला, मुलांना व आश्रित आईवडिलांना डॉक्टर, औषध, तपासणी व रुग्णालय मिळते. (आईवडील आश्रित ठरण्यासाठी त्यांच्या स्वतःच्या मिळकतीची पुन्हा एक निराळी मर्यादा आहे, रेघेच्या आत रेघ.) त्याच्या शेजारच्या यंत्रावर काम करणारा २१,१०० रुपये मिळवीत असेल, तर त्याला दरमहा १५७ रुपये वाचतात आणि बाकी सर्व जाते. एका मुलाचा ताप, एक रक्ततपासणी आणि पाच दिवसांच्या गोळ्या यांतच ते शंभर रुपये आणि वाचलेली वर्गणी संपून जाते. मर्यादा उताराप्रमाणे असती तर चालले असते. ती कड्याप्रमाणे आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मर्यादेबाहेर जाण्यात आनंद मानणारे कामगारही आम्ही पाहिले आहेत. मोठ्या कारखान्यांत कंपनीचा स्वतःचा दवाखाना असे किंवा डॉक्टरांचे बिल परत मिळत असे. तेथील कामगार ‘ईएसआयतून सुटलो’ म्हणत पेढे वाटीत. संरक्षण खात्याच्या कारखान्यांतील मंडळींची व्यवस्थाही स्वतंत्र होती. आम्हा शिक्षकांचाही या योजनेशी संबंध आला नाही. परंतु लहान कारखान्यातील मनुष्य मर्यादेबाहेर गेला की त्याच्यामागे कंपनीचा दवाखाना नसतो. बदलापूरच्या किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील तीस-चाळीस माणसांच्या शेडमध्ये कुशल कारागिराचा पगार त्या कड्यापाशीच घुटमळत असतो.

उल्हासनगरची गोष्ट आणखी निराळी. तेथील शिवणकाम, फर्निचर, मिठाई, यंत्रांचे सुटे भाग यांचे व्यवसाय घराच्या ओटीवर आणि गल्लीतील गाळ्यांत चालतात. कायदा आरंभी वीस व त्याहून अधिक माणसे आणि यंत्रशक्ती असलेल्या कारखान्यांना लागू होता. पुढे हा आकडा दहावर आला. तेथल्या पुष्कळ गाळ्यांत सहा-आठच माणसे. त्यांचा पगार मर्यादेच्या कितीही खाली असो, दवाखान्याचे दार त्यांना उघडत नाही. रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई, फेरीवाला यांचेही तेच. एकीकडे पगार जास्त म्हणून बाहेर, दुसरीकडे गाळा लहान म्हणून बाहेर.

अशांसाठी राज्य सरकारने दुसऱ्या रेघा आखल्या. १ मे १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. पिवळी अत्यल्प उत्पन्नाची, केशरी एक लाखापर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाची, त्यापुढे पांढरी. वास्तविक शिधापत्रिका ही धान्यासाठी. परंतु राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २१ नोव्हेंबर २०१३ रोजी आपल्या ठाणे जिल्ह्यासह उर्वरित महाराष्ट्रात आली तेव्हा पिवळी व केशरी शिधापत्रिका हाच तिचा पास ठरला, आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. योजना निःसंशय उपकारक आहे. मात्र ती शस्त्रक्रियेची आणि मोठ्या आजाराची. साध्या तापासाठी डॉक्टरकडे गेल्यास जी फी द्यावी लागते तिच्याशी या योजनेचा संबंध नाही.

आणखी एक रेघ धर्मादाय रुग्णालयांची. १९८५ साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात ४१ कक हे कलम घालण्यात आले, आणि पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये योजना ठरली. त्यानुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या आहेत. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत, अशी मर्यादा आता आहे. येथे एक बारकावा आहे. विमा योजना एकट्या कामगाराचे वेतन पाहते. धर्मादाय योजना साऱ्या कुटुंबाचे उत्पन्न पाहते. नवरा-बायको दोघेही दरमहा सोळा-सोळा हजार मिळवीत असतील तर दोघेही विम्याच्या आत, पण वर्षाचे ३ लाख ८४ हजार झाल्यामुळे धर्मादाय सवलतीच्या बाहेर. उलट एकटा मिळविता मनुष्य २२ हजारांवर असेल तर तो विम्याच्या बाहेर, पण वार्षिक २ लाख ६४ हजार असल्याने दुर्बल घटकांच्या आत. ज्याला विमा योजनेने नुकतेच बाहेर घातले आहे त्याने हताश होऊन घरी बसू नये; आपल्याला दुसऱ्या दाराने जाता येते का हे पाहावे आणि उत्पन्नाचा दाखला आजार येण्यापूर्वीच काढून ठेवावा. रोगी रुग्णालयात असताना तलाठ्याकडे धावणे किती कष्टाचे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच ठाऊक.

अलीकडे या रेघा काही ठिकाणी पुसल्या गेल्या, हे नमूद केले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरची फीदेखील घेतली जात नाही, आणि मिळकत विचारली जात नाही. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय याच विभागाचे. अंबरनाथ, बदलापूरपासून कर्जतकडील खेड्यांपर्यंतचे रोगी तेथे येतात. जन आरोग्य योजनाही १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली आणि तिची मर्यादा पाच लाखांवर गेली. रंगांचा प्रश्न उरला नाही. ज्याला वेळ आहे त्याला दार उघडे आहे. रोजंदारीवरील माणसाला मात्र रांगेतला अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी, तेव्हा त्याच्यापुरती फी राहिलीच, ती खिडकीवर घेतली जात नाही एवढेच.

विमा योजनेनेही आपल्या कड्याची थोडी दखल घेतली. विमेदार निवृत्त झाल्यावर, त्यापूर्वी पाच वर्षे तो योजनेत असल्यास, वर्षाला १२० रुपये भरून त्याला व पत्नीला उपचार चालू ठेवता येतात, ही सोय जुनी आहे. परंतु ज्याने वीस वर्षे वर्गणी भरली आणि निवृत्तीच्या दोन वर्षे आधी केवळ पगारवाढीमुळे तो बाहेर पडला, त्याला ही सोय मिळत नसे. म्हातारपणी जेव्हा डॉक्टर सर्वांत जास्त लागतो तेव्हाच तो अनोळखी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महामंडळाच्या बैठकीत, १ एप्रिल २०१७ नंतर निवृत्त झालेल्या आणि दरमहा ३० हजारांपर्यंत वेतन असलेल्या अशा विमेदारांनाही सामावून घेण्याचा निर्णय झाला. आपल्या परिसरात असे कित्येक निवृत्त ज्ञातिबांधव असतील. त्यांनी जुना विमा क्रमांक शोधून चौकशी करावी. १९४८ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या नव्या कायद्यात सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली आहे. तरी जुना विमा क्रमांक टाकून देऊ नये.

शेवटी थोडे घरचे. आपल्या मंडळाचा वैद्यकीय साहाय्य निधी आहे, आणि त्याच्या नियमांतही मासिक उत्पन्नाची एक मर्यादा आहे. ती ज्या वर्षी ठरली त्या वर्षी योग्यच होती. ठरविणारी मंडळी विचारी होती व निधी तोकडा होता. पण त्यानंतर ती कार्यकारिणीपुढे पुन्हा आलेली आम्हास स्मरत नाही. दिल्लीच्या कायद्याला जे जमले नाही ते आपल्याला जमण्यास हरकत नाही. आकडा नियमावलीत न ठेवता दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत ठरवावा. मर्यादेच्या थोडे वर असणाऱ्यास सरसकट नकार न देता निम्मे साहाय्य द्यावे. आणि उत्पन्न पाहताना महागाई भत्ता वगळून मूळ वेतन पाहावे, अथवा घरातील माणसांच्या संख्येने भागून पाहावे. सहा माणसांच्या घरातील पंचवीस हजार आणि दोघांच्या घरातील पंचवीस हजार यांत अंतर आहे. निधीवर भार वाढेल हे खरे. तो किती वाढेल याचा अंदाज गेल्या तीन वर्षांचे नाकारलेले अर्ज काढून चिटणीसांनी सभेपुढे ठेवावा. सध्याच्या छापील अर्जात ‘मासिक उत्पन्न’ असा एकच रकाना आहे. अर्जांचा साठा संपत आला असून नवे छापावयाचे आहेत असे कळते. त्या वेळी शेजारी ‘कुटुंबातील माणसे’ असा दुसरा रकाना घालावा, अशी सूचना आम्ही सभेकडे लेखी पाठविली आहे.